नोंदणी क्रमांक एकची लाळ

तोर्रेसाल्वा,
गुरुवार, दि. ६ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. विभागप्रमुख,
सार्वजनिक स्वच्छता व पाळीव प्राणी विभाग,
नगरपालिका कार्यालय, मोठा चौक,
तोर्रेसाल्वा.

विषय: ‘दुकेसा’ या कुत्रीवर घातलेली एक वर्षाची सार्वजनिक जागा बंदी उठवणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या विभागाच्या दि. १३, २० व २७ ऑक्टोबरच्या तीन नोटिसा व दि. ३ नोव्हेंबरचा बंदी आदेश.
२) तोर्रेसाल्वा कुत्रा वावर नियम, कलम ४, ७ व ९ (मसुदा: प्रस्तुत अर्जदार).

महोदया,

अर्जदार एलेउतेरियो कानियामारेस, वय ७४, सेवानिवृत्त वजनमाप निरीक्षक, राहणार मोठा चौक क्र. ६, दुसरा मजला, हा अर्ज आपल्यापुढे ठेवत आहे. ज्या कार्यालयाला नियम लिहून दिले त्याच कार्यालयाच्या दारात हात जोडून उभे राहावे लागत आहे, याची अर्जदारास लाज वाटते, हे आधीच नमूद करतो.

१. आपण या विभागात येऊन दोनच वर्षे झाली, म्हणून थोडी पूर्वपीठिका. अर्जदाराने या गावात आणि आसपासच्या अकरा गावांत चौतीस वर्षे तराजू, काटे आणि मापे तपासली. आजही आठवडी बाजारात अर्जदार दिसला की मासळीवाली बाई आपला काटा पुसायला घेते. निवृत्तीनंतर अर्जदाराने मोठ्या चौकाचा प्रश्न हाती घेतला. त्या काळी चौकात संध्याकाळी फिरायला निघालेली माणसे एकमेकांकडे न बघता जमिनीकडे बघत चालत असत. पाच वर्षांत एकेचाळीस अर्ज, सहाशे बारा सह्या आणि दोन नगराध्यक्ष, एवढे खर्ची पडल्यावर गेल्या एप्रिलात नियम मंजूर झाले. प्रत्येक कुत्र्याच्या तोंडातली लाळ घ्यायची, तिचा डीएनए नोंदवहीत ठेवायचा, आणि रस्त्यावर जे सापडेल ते प्रयोगशाळेत पाठवून कोणाच्या कुत्र्याचे ते ठरवायचे, ही कल्पना अर्जदाराचीच. पिशवी खिशात हवी, व्हिनेगर घातलेल्या पाण्याची बाटली हातात हवी, आणि कुत्र्याने भिंत ओली केली की तिथल्या तिथे ती धुवायला हवी, हेही अर्जदारानेच लिहिले. अर्जदाराच्या घरी ते आधीपासूनच पाळले जात होते. दुकेसाच्या मागे अर्जदार वाकला नाही असे कोणीही पाहिलेले नाही, गुडघ्याचे ऑपरेशन झाले त्या महिन्यातसुद्धा.

२. असे असता, दि. ९, १६ आणि २३ ऑक्टोबर या तीन गुरुवारी चौकातल्या सूचना फलकाच्या बरोबर खाली कुत्र्याची विष्ठा सापडली. याच फलकावर अर्जदाराचे नऊ नियम काचेआड लावलेले आहेत. तिन्ही नमुने प्रयोगशाळेत गेले आणि तिन्ही वेळा उत्तर एकच आले: नोंदणी क्रमांक १, दुकेसा, मालक एलेउतेरियो कानियामारेस. कलम ४ प्रमाणे तिसऱ्या गुन्ह्याला एक वर्ष बंदी. दंडाबद्दल अर्जदाराचे काही म्हणणे नाही. म्हणणे आहे ते बंदीबद्दल, आणि त्याहून जास्त, दुकेसाच्या नावाबद्दल.

३. आपल्याच पंचनाम्यांत तीन नमुन्यांची वजने अनुक्रमे १९०, २१५ आणि २४० ग्रॅम दिलेली आहेत. दुकेसाचे स्वतःचे वजन चार किलो सहाशे ग्रॅम आहे. अर्जदाराने सलग सात दिवस तिची विष्ठा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली (काटा प्रमाणित आहे, आणि आता तो स्वयंपाकघरात वापरला जात नाही). चोवीस तासांची सर्वाधिक नोंद ६२ ग्रॅम. एका वेळी २४० ग्रॅम द्यायचे तर या कुत्रीला चार दिवस साठवून ठेवावे लागेल. तसे ती साठवू शकत असती तर आज हा अर्ज लिहायची वेळच आली नसती. तक्ता जोडला आहे.

४. दुसरे असे की, प्रयोगशाळेच्या तिन्ही अहवालांत ‘नर’ असा उल्लेख आहे. दुकेसा मादी आहे. हे अर्जदाराने पहिल्याच अहवालानंतर, दि. १५ ऑक्टोबरला, लेखी कळवले. त्यावर आपल्या कार्यालयाचे उत्तर आले की मे महिन्यात नोंदवलेली लाळही नराचीच असल्याने जुळणी निर्विवाद आहे. सबब नोंदवहीत दुकेसाचे लिंग ‘नर’ असे दुरुस्त करण्यात आले आहे, याची अर्जदाराने नोंद घ्यावी. महोदया, अर्जदाराने ती नोंद घेतली. दुकेसाला मात्र अद्याप कळवलेले नाही.

५. यानंतर अर्जदाराने प्रत्यक्ष येऊन खिडकीशी तोंडी खुलासा करायचा प्रयत्न केला. तेव्हा आपण कलम ९ वाचून दाखवलेत: प्रयोगशाळेचा अहवाल अंतिम असेल, कोणाही माणसाची साक्ष ग्राह्य धरली जाणार नाही, कारण या गावात शेजारी शेजाऱ्यासाठी खोटे बोलतात. हे कलम अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहिलेले आहे. ‘खोटे बोलतात’ या शब्दांवर नगरसभेत हरकत आली होती, आणि अर्जदाराने ते शब्द भांडून ठेवून घेतले होते. आपण वाचत असताना मागे रांगेत उभे असलेले दोघे हसले. त्यांचे हसणे चुकीचे होते असे अर्जदार म्हणू शकत नाही.

६. बंदीमुळे काय होत आहे ते आपण ऐकून घ्यावे, कारण हा अर्ज मुख्यतः त्यासाठी आहे. दुकेसा तेरा वर्षांची आहे. ती अर्जदाराच्या दिवंगत पत्नीची, असुन्सियोनची, कुत्री. असुन्सियोन तिला रोज दोन वेळा कारंज्याजवळच्या तुतीच्या तिसऱ्या झाडाखाली नेत असे. दुकेसा तिथे आणि फक्त तिथेच मोकळी होते. असुन्सियोनला जाऊन सहा वर्षे झाली, तरी ती झाडाशी पोचली की आधी मागे वळून बघते आणि मगच बसते.

आदेश आल्यापासून चौक बंद. अर्जदाराने घरात वर्तमानपत्रे पसरली; ती त्यांच्यावरून चालत गेली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. गच्चीत माती भरून गवत लावले. ती त्यावर झोपली. आदेशात ‘नगरपालिका हद्द’ असे शब्द असल्यामुळे अर्जदार आता तिला बाजारहाटाच्या चाकांच्या पिशवीत घालून, वर पालकाची जुडी ठेवून, हद्दीच्या दगडापलीकडे नेतो. एक किलोमीटर चारशे मीटर. मंगळवारी नगर पोलिसांनी वाटेत थांबवून इतका पालक कशाला असे विचारले. अर्जदाराने आयुष्यात प्रथमच गणवेशातल्या माणसाला खोटे उत्तर दिले. हद्दीपलीकडे जाऊन काही उपयोगही होत नाही. ती दगडाकडे बघते, अर्जदाराकडे बघते, आणि पिशवीत परत शिरते. बुधवारी तिने एकवीस तास धरून ठेवले. नंतर दाराच्या पायपुसण्यावर झाले, आणि ती पलंगाखाली जाऊन बसली ती जेवायलाही आली नाही. तिला शरम वाटत होती, महोदया. तेरा वर्षांच्या कुत्रीला एक वर्ष बंदी म्हणजे तिचे उरलेले आयुष्य.

७. आता हे कोणी केले, ते. अर्जदारास ते ठाऊक आहे आणि त्याने ते डोळ्यांनी पाहिले आहे. पहिली नोटीस आल्यावर अर्जदार गुरुवारी, दि. १६ ऑक्टोबरला, सकाळी आठपासून गच्चीत उभा राहिला. साडेआठला फुलहेन्सियो तोराल आपल्या कार्तुचोला घेऊन चौकात आला. कार्तुचो हा शिकारी जातीचा कुत्रा, वय चौदा. त्याच्या मागच्या पायांतले बळ गेले आहे, म्हणून फुलहेन्सियो त्याच्या पोटाखालून पंचा घालतो, पंच्याची दोन्ही टोके वर धरतो, आणि कुत्र्याचा मागचा भाग उचलून त्याला चालवतो. असा तो अख्खा चौक ओलांडून फलकापाशी आला. वाटेत चार झाडे लागतात. एकाशीही थांबला नाही. कार्तुचोचे आटोपले. मग फुलहेन्सियोने खिशातून पिशवी काढली, झटकून उघडली, वर गच्चीकडे बघितले, पिशवीची नीट चौघडी घालून ती परत खिशात ठेवली, आणि अर्जदारास टोपी उचलून नमस्कार करून निघून गेला.

मग नमुना दुकेसाच्या लाळेशी कसा जुळला, असे आपण विचाराल. ते मुद्दा १० मध्ये येईल. कृपया धीर धरावा. अर्जदार स्वतःही धरत आहे.

८. फुलहेन्सियो तोराल हा अर्जदाराचा शत्रू असता तर अर्ज एका परिच्छेदात संपला असता. तो तेलघाण्यावर मुकादम होता. १९८९ च्या हंगामात अर्जदार त्या घाण्याचा काटा तपासायला गेला, आणि बारा गावांत बरोबर निघालेला तो एकच काटा होता. त्या दिवशी दोघांनी ऑलिव्ह आणि भाकरी एकत्र खाल्ली. तेव्हापासून दर गुरुवारी अकरा वाजता चौकात रेमेदियोसबाईंच्या बारबाहेर, कोपऱ्यातल्या टेबलावर, दोघे डोमिनोला भिडू म्हणून बसत आले. डोमिनोत भिडूशी बोलायचे नसते. त्याने कोणती सोंगटी लावली, लावताना किती थांबला, यावरून त्याच्या हातात काय आहे ते ओळखायचे. छत्तीस वर्षांत अर्जदाराला फुलहेन्सियोच्या हातात काय आहे ते ओळखता आले नाही, असे फार थोड्या वेळा झाले. असुन्सियोन इस्पितळात होती ते दोन महिने दुकेसाला सांभाळले ते त्यानेच. दुकेसा तोंडाला कोणाचाही हात लावू देत नाही. असुन्सियोन सोडली तर जगात एकच माणूस तिचा जबडा उघडून गोळी देऊ शकतो, तो फुलहेन्सियो. अशा माणसाने अर्जदाराचा केसाने गळा कापला आहे. नगरपालिकेच्या भाषेत यासाठी शब्द असेल तर तो कृपया येथे वाचावा.

९. दि. २३ ला तिसऱ्यांदा तेच झाल्यावर अर्जदार त्याच्या घरी गेला. दार उघडले नाही. आत कार्तुचोची शेपटी फरशीवर आपटत होती, कारण त्याने पायरव ओळखला होता. अर्जदाराने दारातूनच विचारले की हे असे का केलेस. मग फुलहेन्सियो दाराच्या अगदी जवळ येऊन म्हणाला, “अकरा वर्षं तो त्या टेबलाखाली झोपला, एलेउ. माझ्या नाही, तुझ्या बुटावर डोकं ठेवून. नियम लिहिताना तुला किलो आठवले, तो नाही आठवला.”

अर्जदाराने सांगितले की तो नियम (कलम ७, त्याबद्दल मुद्दा ११ मध्ये) सर्वांसाठी आहे, आणि दुकेसाचा यात काय दोष. त्यावर तो शांतपणे म्हणाला, “दोष कुणाचाच नाही. तू नियम लिहिलास, कार्तुचोनं खाली सही केली. आता ती सही कुणाच्या नावावर निघाली ते तू कचेरीत जाऊन सांग. खरं सांगायचं असेल तर.”

नंतर त्याने आतून लाकडावर दोन टिचक्या मारल्या. डोमिनोत लावायला सोंगटी नसली की माणूस टेबलावर अशाच दोन टिचक्या मारतो आणि पाळी पुढच्याकडे जाते. अर्जदार घरी आला.

१०. पाळी आल्यामुळे लिहितो. दि. १७ मे रोजी चौकात पहिल्या लाळनोंदणीचा कार्यक्रम होता. आपण टेबलाशी नळ्यांवर क्रमांक लिहीत होतात. नगराध्यक्ष हजर होते, वर्तमानपत्राचा छायाचित्रकार होता, आणि पहिला मान अर्जदाराच्या कुत्रीचा होता. कापसाची काडी कुत्र्याच्या गालाच्या आत अर्धा मिनिट फिरवायची, इतकेच काम. दुकेसाने दात आवळले. अर्जदाराने दोनदा प्रयत्न केला, ती दोनदा चावली. तेव्हा अर्जदार ‘शांत जागी घेतो’ असे सांगून काडी आणि कुत्री घेऊन चर्चच्या बाजूच्या दाराकडे गेला. तेथे फुलहेन्सियो कार्तुचोला घेऊन सावलीत बसला होता. शिकारी कुत्र्यांना नोंदणीसाठी पुढच्या वर्षअखेरीपर्यंत सवलत असल्याने ते दोघे नुसते बघायला आले होते. तेथे एका व्यक्तीच्या सुचवण्यावरून काडी दुसऱ्या कुत्र्याच्या तोंडात फिरवली गेली.

वरील शेवटचे वाक्य अर्जदाराने काल रात्री लिहिले होते. ते खोडत नाही, पण ते खोटे आहे. सुचवणारी व्यक्ती कोणी नव्हती. येथून पुढे ‘अर्जदार’ हा शब्द वापरणे जमत नाही, याबद्दल क्षमस्व.

फुलहेन्सियो म्हणाला होता, तिला माझ्या मांडीवर दे, पंधरा मिनिटांत ती आपणहून तोंड उघडेल. माझ्याकडे पंधरा मिनिटे नव्हती. नगराध्यक्ष घड्याळ बघत होते. कार्तुचो समोर बसला होता, आणि तो तर कोणाहीपुढे तोंड उघडतो. मीच काडी घातली. मीच ती नळीत टाकली. फुलहेन्सियो फक्त म्हणाला, “बघ बाबा, तुझं तू.” त्यानंतर आम्ही सगळे टेबलाशी परत आलो, मी नळी आपल्या हातात दिली, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. नोंदवहीत दुकेसाच्या नावावर आहे ती कार्तुचोची लाळ. आपल्या प्रयोगशाळेने तिन्ही वेळा अगदी बरोबर उत्तर दिले आहे.

चौतीस वर्षे मी लोकांच्या तराजूखाली चिकटवलेले मेण शोधत हिंडलो. अंगठ्याने पारडे दाबणाऱ्या वाण्याला मी भर बाजारात उभे करून त्याच्या मुलांसमोर बोललो आहे. आणि स्वतःचे पहिले वजन ठेवायची वेळ आली तेव्हा मी दुसऱ्याचे ठेवले. हे मला आणि फुलहेन्सियोला, दोघांनाच ठाऊक होते. त्याने पाच महिने ते कोणाला सांगितले नाही. बारमध्ये नाही, घाण्यावर नाही, आजही नाही. त्याने ते फक्त वापरले. याचाच मला जास्त राग आहे. चारचौघांत सांगितले असते तर मी त्याला चुगलखोर म्हणून मोकळा झालो असतो.

११. कलम ७ बद्दल. चौकातल्या टेबलांपासून तीन मीटरच्या आत कुत्रा नको. मात्र पाच किलोच्या आतला, मालकाच्या मांडीवर बसणारा कुत्रा चालेल. यात माझा काही स्वार्थ नव्हता असे मी नगरसभेत सांगितले. मूळ मसुद्यात चार किलो होते. मग मी दुकेसाला तोलले, सकाळी, उपाशीपोटी, गळपट्टा काढून, आणि आकडा पाच केला. टेबलांखाली कुत्रे असू नयेत हे मला आजही पटते. त्यांच्या साखळीत पाय अडकून गेल्या वर्षी वेटर पडला होता. कार्तुचोला साखळी नव्हती, हेही खरे. तो बाराच्या सुमारास एकदा उठायचा, कारंज्यावर पाणी प्यायचा आणि परत येऊन झोपायचा.

दि. १ सप्टेंबरला नियम लागू झाला. पहिल्याच गुरुवारी फुलहेन्सियोने कार्तुचोला पलीकडच्या खांबाला बांधले आणि तो खेळायला बसला. कार्तुचो ओरडला नाही. पंच्यावर आडवा पडून टेबलाकडे बघत राहिला. माझ्या मांडीवर दुकेसा होती. चौथ्या डावात फुलहेन्सियोने हातातल्या सोंगट्या उलट्या करून ठेवल्या, उठला, पंचा घेतला आणि गेला. मला वाटले त्याची पाठ धरली असेल. त्या दिवशी त्याच्या हातात काय आहे ते मला ओळखता आले नाही.

आणखी एक. मी दुकानांचे काटे तोलले, कुत्री तोलली, गेल्या महिन्यात तर जे कोणी तोलत नाही तेही तोलले. कार्तुचोचे वजन किती ते मला माहीत नाही. ते मला कधी विचारावेसेच वाटले नव्हते.

१२. तरी वरील सर्व बाबींचा विचार होऊन पुढीलप्रमाणे व्हावे, ही विनंती.

(अ) दुकेसावरील बंदी तत्काळ, शक्य तर आज दुपारच्या आत, उठवावी. ती आज पहाटेपासून दाराशी उभी आहे. नोंदवहीत तिला पुन्हा मादी करावे.

(आ) नोंदणी क्रमांक १ ची नळी रद्द करावी. फसवणूक माझी आहे. नियम समितीच्या अध्यक्षपदाचा राजीनामा जोडला आहे. फलकावर तीन गुन्ह्यांपुढे कुत्र्याचे नाव न लिहिता माझे लिहावे. ते तीन गुन्हे कार्तुचोच्या नावावर चढवू नयेत. त्याच्या मालकाला मी माफ केलेले नाही, हे वेगळे नोंदवावे. त्याला दुकेसाचे हाल माहीत होते. ती कुठे बसते आणि कुठे बसत नाही, हे जगात तीनच जणांना ठाऊक होते, त्यातला तो एक. तरीही तो तीन गुरुवार आला.

(इ) कलम ७ मधला वजनाचा आकडा काढून टाकावा. त्याजागी दुसरा कोणता आकडा घालावा ते मला सुचत नाही. वाटल्यास ‘जो कुत्रा टेबलाखाली झोपतो त्याला झोपू द्यावे’ असे लिहावे. हे कायद्याचे वाक्य नाही, याची मला कल्पना आहे.

(ई) दुकेसाच्या लाळेचा नवा नमुना आपल्यासमक्ष, चौकातच घ्यावा. मात्र तिचे तोंड उघडण्यासाठी फुलहेन्सियो तोराल हजर असणे आवश्यक आहे. दुसऱ्या कोणाला ती हात लावू देणार नाही आणि मला तर नाहीच. मी बोलावले तर तो येणार नाही. त्याच्या दारात मी पुन्हा एकदा जाऊन आलो. टिचक्याच ऐकू आल्या. परंतु त्याला सरकारी कागदाची धास्ती आहे. शिक्का दिसला की तो इस्त्रीचा सदरा घालून, वेळेच्या अर्धा तास आधी हजर होतो. तरी कार्यालयाने त्यास रीतसर, गोल शिक्क्यानिशी समन्स काढावे, ही कळकळीची विनंती. तांत्रिक साहाय्यासाठी, असे कारण द्यावे. सोबत कार्तुचोलाही आणावे असे लिहावे, नाहीतर तो त्याला घरी एकटा ठेवून येईल आणि कुत्रा सगळा वेळ दाराकडे बघत राहील.

दिवस गुरुवार आणि वेळ सकाळी अकराची द्यावी. जागा रेमेदियोसबाईंच्या बारबाहेर, कोपऱ्यातले टेबल. पंधरा मिनिटे लागतील, ती मी या वेळी थांबेन. रेमेदियोसबाई सांगतात की ते टेबल सप्टेंबरपासून रिकामेच आहे. त्याने दुसरा भिडू धरलेला नाही. मीही नाही.

आपला,
नियम लिहिणारा व मोडणारा,

(सही)
एलेउतेरियो कानियामारेस

सोबत:
१. दुकेसाच्या सात दिवसांच्या वजनांचा तक्ता.
२. दुकेसाची लसीकरण पुस्तिका (पान २ वर: मादी).
३. नियम समितीच्या अध्यक्षपदाचा राजीनामा.
४. कापसाची काडी, एक, न वापरलेली.
५. दि. १७ मे रोजीचे वर्तमानपत्रातील छायाचित्र. मधोमध मी व नगराध्यक्ष. डाव्या कडेला, अर्धा कापला गेलेला, तोंड उघडे असलेला कुत्रा तो कार्तुचो. त्याच्या डोक्यावर ज्याचा हात दिसतो त्याचा चेहरा छायाचित्रात आलेला नाही. काम झाल्यावर हे छायाचित्र परत मिळावे.